चोरओटी

बसने करकचून ब्रेक लावला तेव्हा प्रत्येकाने हाताला येईल ते धरलं. कुणी दांडा धरला, कुणी पुढच्या बाकाची पाठ, एका सुटाबुटातल्या गृहस्थाने तर शेजारच्या बाईचा दंडच धरला आणि मग बराच वेळ तिची माफी मागत बसला. कल्याणीने काहीच धरलं नाही. तिचे दोन्ही हात हुडीच्या पोटावरच्या खिशावर जाऊन घट्ट बसले, खांदा पुढच्या दांड्यावर आपटला, आणि मांडीवरची पिशवी उलटून बटाटे, कांदे, आल्याचा तुकडा असं सगळं बसभर पांगलं. "सॉरी फोक्स, डक्स," ड्रायव्हर म्हणाला. खरंच, समोर चार बदकं ग्रेट नॉर्थ रोड ओलांडत होती आणि त्यांना कसलीही घाई नव्हती. पलीकडच्या बाकावर कानामागे फूल खोवलेली एक सामोअन आजी होती. ती वाकून बटाटे गोळा करायला लागली. शेवटचा बटाटा पिशवीत टाकताना तिची नजर कल्याणीच्या हातांवर गेली. हात अजून तिथेच होते. "हाऊ फार अलाँग, डिअर?" तिने इतक्या हळू विचारलं की मागच्या बाकावरही ऐकू गेलं नसेल. कितवा महिना, एवढंच तर विचारत होती. कल्याणीला प्रश्न नीट कळला, आणि तरी ती म्हणाली, "नो, नो. जस्ट स्टमक. स्टमक पेन." आजीने तिच्याकडे क्षणभर पाहिलं. "ऑल गुड, डार्लिंग," ती म्हणाली, त्या दोन्ही हातांवर एकदा थोपटलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. बस पुन्हा हलली.

तसं खोटं बोलायची आताशा तिला सवय झाली होती. महाराष्ट्र मंडळाच्या गुढीपाडव्याला का आली नाहीस, तर असाइनमेंट होती. एवढी ढगळ हुडी का घालतेस, तर मला थंडी फार वाजते. ऑकलंडात एप्रिलमध्ये असली कारणं खपून जातात. पण ती सगळी खोटी स्वतःबद्दलची होती. आजचं पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाबद्दल होतं, आणि ज्याच्याबद्दल होतं ते तिथेच, तिच्या तळहातांखाली, ऐकत होतं. साऱ्या जगात पहिल्यांदा एका माणसाने त्याची चौकशी केली, तीही मायेने, आणि आपण म्हटलं, नाही, असं कुणी नाहीच. कल्याणीला एकदम आपली लाज वाटली. त्यात खांदा ठणकायला लागला होता. आणि मग तिच्या लक्षात आलं की पोट गप्प आहे. गेल्या आठवड्यापासून आत काहीतरी हलत होतं. दूध तापायला ठेवल्यावर वर यायच्या आधी पातेल्याच्या तळाशी जशी एक बारीकशी चळवळ होते, तसं. न्यू लिनला बसमध्ये चढतानाही होतं ते, तिला पक्कं आठवत होतं. आता नव्हतं. तिने हुडीच्या खिशात हात घालून आतून दाबून पाहिलं, श्वास रोखून पाहिला, मनातल्या मनात हाकही मारली. पण नाव ठेवलेलं नव्हतं, त्यामुळे हाक नुसतीच "अगं" किंवा "अरे" अशी अर्धवट राहिली.

या पोराला अजून कुणीही पाहिलेलं नव्हतं, हे त्यातलं सगळ्यात वाईट होतं. डॉक्टरने नाही, नर्सने नाही, यंत्राने नाही. दुसऱ्या महिन्यात ती आणि नितीश एकदा क्लिनिकमध्ये गेले होते, दोघंही इस्त्रीचे कपडे घालून, लग्नाचं सर्टिफिकेट, पासपोर्ट, भाडेकरार अशी सगळी चळत घेऊन. दोघं या देशात आले ते तिच्या शिक्षणासाठी. एका वर्षाचा कोर्स, एका वर्षाचा व्हिसा, आणि बायको शिकतेय म्हणून नवऱ्यालाही तेवढंच वर्षभर काम करायची मुभा. पुण्यात सॉफ्टवेअर तपासणारा नितीश इथे खिडक्यांना काचा बसवायला जात होता, आणि हसत जात होता. काउंटरवरच्या मुलीने व्हिसे उलटसुलट पाहिले, काहीतरी टाइप केलं, आणि मान तिरकी करून म्हणाली, "आय'म सो सॉरी, यू'र नॉट एलिजिबल." विद्यार्थ्यांच्या विम्यात बाळंतपण बसत नाही, हे त्यांना आधीच कळलं होतं. दोघांनी एकदमच "थँक यू" म्हटलं, चळत उचलली आणि बाहेर आले. मागे वळून आणखी एक प्रश्न विचारावा, हे ना तिला सुचलं ना त्याला. काउंटरपलीकडून एकदा "नाही" आलं की मान डोलवायची आणि मागच्या माणसाला जागा द्यायची, अशीच दोघांची घडण होती. बँकेत, कॉलेजात, रेशनच्या ऑफिसात त्यांचे आईवडीलही असेच मान डोलावत आले होते. बाहेर पार्किंगमध्ये नितीश म्हणाला, "जास्त विचारत बसलो आणि व्हिशाच्या भानगडीत काही आलं तर? नाहीतरी पहिलं बाळंतपण माहेरीच असतं ना." आणि प्रश्न सुटल्यासारखा तो मोकळा हसला होता.

पहिलं बाळंतपण माहेरी. हे वाक्य इतकं गुळगुळीत आहे की कुणीही कुणालाही म्हणावं आणि ऐकणाऱ्याने "हो ना" म्हणावं. कल्याणीही "हो ना" म्हणाली होती. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. माहेर म्हणजे आता ठाण्यातल्या दोन खोल्या, त्यात बाबा, चंद्रहासदादा, नीलिमावहिनी, त्यांची मुलगी, आणि दिवाळीत पडून मांडीचं हाड मोडल्यापासून वहिनीची आई. वहिनी रात्रंदिवस आईचं करत होती आणि कधी एका शब्दाने कुरकुरत नव्हती. दादाला बातमी सांगितली तेव्हा तो आधी ओरडलाच आनंदाने, मग म्हणाला, "ये ना, ये. बघू आपण." त्या "बघू"च्या आधी एक बारीकसा श्वास होता. मागून वहिनीच्या आईचं कण्हणं ऐकू येत होतं. दादा वाईट नव्हता, त्याच्याकडे जागाच नव्हती, आणि नाही म्हणणं त्याच्या जिभेवर येत नव्हतं. कल्याणीने त्या "बघू"बद्दल नितीशला काही सांगितलं नाही. आपल्याला माहेर उरलेलं नाही, हे नवऱ्यापाशी कुठल्या तोंडाने म्हणायचं? त्यामुळे तो आपला रोज तिकिटं बघत होता. आत्ताही खिशात फोन गुरगुरला. "मेमधलं एक बरं दिसतंय. आज काढून टाकू?" तिने फोन उलटा करून ठेवला. तिला एकदम वहिनीची चोरओटी आठवली. बाहेर कुणाला सांगायच्या आधी, घरातल्या घरात, गुपचूप भरायची असते ती. आईने स्वयंपाकघराचं दार लोटलं होतं, दारापाशी राखण म्हणून कल्याणीला उभं केलं होतं आणि बजावलं होतं, "कुणी आलं तर खोक." आतून तांदळाचा सुपातला आवाज येत होता आणि दोघीजणी कशाला तरी खुसुखुसू हसत होत्या. कल्याणी उगीचच खोकली होती, तेव्हा आतलं हसू आणखी वाढलं होतं. आपली चोरीच तेवढी चालली आहे, ओटी कुठली, असं तिच्या मनात आलं आणि डोळे भरून आले.

हेन्डरसन आलं. तिचं घर इथून चालत पाच मिनिटांवर, आणि घरापासून त्याहून जवळ औषधाचं दुकान. तरी गेले तीन महिने ती लोहाच्या गोळ्या आणायला बसने न्यू लिनला जात होती, कारण या दुकानात मृदुलाताई होत्या. मूळच्या नाशिकच्या, वीस वर्षं इथे फार्मासिस्ट, मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात पुरणाच्या घमेल्यापाशी उभ्या असणाऱ्या. त्यांना कळलं तर मंडळाला कळणार आणि मंडळाला कळलं की "अगं, पण रेसिडन्सीच्या आधीच?" हे प्रत्येकीच्या तोंडून ऐकावं लागणार, असा कल्याणीचा हिशेब होता. आज ती बसमधून उतरली, दुकानावरून पुढे गेली, कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत गेली, पोटावर हात ठेवून उभी राहिली. काही नाही. तिथून ती वळली आणि जवळजवळ धावतच दुकानात शिरली. मृदुलाताई गोळ्या मोजत होत्या. त्यांनी वर पाहिलं, चष्मा कपाळावर नेला आणि म्हणाल्या, "उगवलीस का एकदाची! कितवा?"

"पाचवा," कल्याणी म्हणाली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिने तो शब्द नितीशखेरीज कुणापाशी उच्चारला होता, आणि उच्चारल्याबरोबर तिला रडूच फुटलं. मृदुलाताईंनी तिला आतल्या छोट्या खोलीत नेऊन बसवलं. "तुम्हाला कसं कळलं?" तिने हुंदक्यात विचारलं. "पाच मिनिटांवर राहणारी पोरगी एकाएकी दुकानात यायची बंद झाली. म्हणजे एक तर माझ्यावर रागावली असेल, नाहीतर तिला दिवस गेले असतील. आणि रागवण्यासारखं मी काही केलेलं नाही." मग त्यांचा आवाज बदलला. काय झालं, कुठे लागलं, पोटाला धक्का बसला का, काही अंगावरून जातंय का, दुखतंय का. कल्याणीने सगळ्याला नाही म्हटलं, यावेळी खरं. "फक्त हलत नाहीये." "पाचव्यात ती तासन्‌तास झोपा काढतात. पण माझ्या बोलण्यावर जायचं नाही. आजच कुणीतरी बघायला हवं." "पण मला इथे चालत नाही ना ताई. नॉट एलिजिबल." "कशाला?" "म्हणजे... कशालाच." मृदुलाताई तिच्याकडे बघतच राहिल्या. "अगं वेडाबाई, फुकट मिळणार नाही, एवढंच म्हणाली ती. येऊ नका असं कोण म्हणालं? पैसे भरून मिडवाइफ मिळते, स्कॅन होतो, सगळं होतं. हप्ते पाडून देतात कुणी कुणी. जड जाईल, खोटं कशाला सांगू. पण दार बंद नाहीये. विचारलं का नाहीस?" कल्याणीला ते काउंटर आठवलं. आपण थँक यू म्हणून निघून आलो. तीन महिने एका थँक यूवर काढले. "माझा दीर असाच," मृदुलाताई फोन लावता लावता म्हणाल्या. "डॉक्टर 'मे बी' म्हणाले की हा समजतो संपलं सगळं."

फोनवर त्या कुणा नायरी नावाच्या मिडवाइफशी बोलल्या, इंग्रजीतच पण मराठी वेगाने. ती आज कल्याणीच्या घरी येणार होती, संध्याकाळी. "बरीचशी बाळंतपणं तिच्याच हातची असतात या भागातली. पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच येते, बाळ झाल्यावरही घरी येत राहते. आपल्याकडे डॉक्टर सांगतात आणि आपण ऐकतो, हिचं उलटं आहे. तुला काय हवं ते ती विचारते. घाबरू नको." कल्याणी उठायला लागली तशा त्या म्हणाल्या, "थांब. अशीच जाऊ नको." त्या बाहेर गेल्या, येताना मांडणीवरची एक गव्हाची पिशवी घेऊन आल्या. पाठ दुखली की गरम करून शेकायची, ती, निळ्या चौकटीच्या कापडातली. दुसऱ्या हातात फिजोआ, इथली अंड्याएवढी हिरवी फळं. या दिवसांत ज्याच्या त्याच्या परसात फिजोआचा सडा पडलेला असतो, आणि दुकानातल्या मुलींनी खाऊन खाऊन कंटाळून खोकंभर आणून ठेवले होते. मृदुलाताईंनी दार लोटून घेतलं. पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं, एक तिच्या कपाळाला लावली. "गहू आहेत, फळ आहे. नारळ आणि खण राहिला, तो सातव्यात. पदर कर पुढे." पदर कुठला? कल्याणी हुडीकडे पाहायला लागली. "तोच की," म्हणून मृदुलाताईंनी तो पोटावरचा खिसा दोन बोटांनी उघडला, आधी गव्हाची पिशवी आत सरकवली, मग एकेक करून पाच फिजोआ. इतके दिवस पोट लपवणारा तो खिसा फुगून पुढे आला. बाहेर काउंटरपाशी कुणीतरी खोकलं. खरंच खोकलं, औषधाला आलेलं गिऱ्हाईक होतं. कल्याणीला हसू फुटलं, आणि मृदुलाताईंना कारण माहीत नसतानाही त्या हसायला लागल्या. आईची इतकी आठवण तिला कित्येक महिन्यांत आली नव्हती, आणि नवल म्हणजे ती दुखत नव्हती.

घरी आल्यावर मात्र भीतीने पुन्हा धरलं. तिने नितीशला फोन करून बोलावून घेतलं, पाणी पिऊन डाव्या कुशीवर पडून पाहिलं. काही नाही. तेवढ्यात दार वाजलं. दारात अर्धी चड्डी आणि रबरी जँडल्स घातलेली, उन्हाने रापलेली एक बाई उभी होती, काखेत कागद अडकवलेली पाटी. हसून "किया ओरा", म्हणजे नमस्कार, म्हणाली, जँडल्स बाहेर काढल्या आणि अनवाणी आत येऊन इकडे तिकडे बघायला लागली. कल्याणीला वाटलं, घराची तपासणी! भाड्याच्या घरांची दर तीन महिन्यांनी होते ती, या आठवड्यात आहे म्हणून एजंटाने कळवलंही होतं. आणि डॉक्टरीण कधी चपला काढून घरात येते का? आता कुठल्याही क्षणी मिडवाइफ येईल आणि ही बाई मध्येच. लवकर कटवावी म्हणून कल्याणीने भराभर सगळं दाखवायला सुरुवात केली. हा ओव्हन, रोज पुसतो. ही न्हाणीघराची खिडकी, रोज उघडतो, बुरशी नाही. हा डाग आम्ही यायच्या आधीपासूनचा. बाई मन लावून ऐकत होती, मान डोलवत होती, ओव्हनमध्ये तर वाकून बघितलं तिने. शेवटी म्हणाली, "दॅट इज अ ब्यूटिफुल ओव्हन. आय'म नायरी. शॅल वी हॅव अ लुक ॲट द बेबी नाऊ?"

कल्याणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण नायरी इतकी खदखदून हसली की लाजायलाही उसंत मिळाली नाही. "कोचावर पड, हुडी वर घे," तिने खुणेनेच सांगितलं, आणि कल्याणीने हुडी वर केली तशी खिशातले फिजोआ टपाटप जमिनीवर पडून खोलीभर पळाले. मघाशी बटाटे, आता हे. ती उचलायला उठणार तोच नायरीने खांद्यावर हात ठेवला. "लीव्ह देम." नायरीचा हात कोमट आणि खरखरीत होता, पोटावर तो फिरला तेव्हा कल्याणीला कळलं की आपल्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात इथे डोळसपणे पहिल्यांदाच फिरतोय. त्याला, किंवा तिला, कुणीतरी बघतंय. मग तिने एक छोटं यंत्र टेकवलं. नुसती खरखर. यंत्र सरकलं, खरखर सरकली. दारात नितीश येऊन उभा राहिला होता, एका पायात कामाचा बूट, दुसरा हातात. कल्याणीने डोळे मिटले. देवा, मी खोटं बोलले बसमध्ये, माझं चुकलं, आहे रे ते, आहे. खरखरीतून एक संथ ठोका वर आला. "दॅट'स यू," नायरी म्हणाली. यंत्र खाली सरकलं, थोडं डावीकडे, थांबलं. आणि मग कुणीतरी घाईघाईने जिना चढून येत असावं असा आवाज खोलीत भरला. "अँड दॅट," नायरी म्हणाली, "इज नॉट यू."

नितीशच्या हातातला बूट खाली पडला. कल्याणी रडत होती की हसत होती ते तिचं तिलाच कळत नव्हतं. नितीश गुडघ्यांवर बसला, बराच वेळ ऐकत राहिला आणि अखेर म्हणाला, "मॅम, विल धिस अफेक्ट अवर व्हिसा?" नायरी म्हणाली, व्हिसातलं मला काही कळत नाही, ते ज्याला कळतं त्याला विचार, नीट विचार. मला बाळं कळतात. हे छान आहे, आणि पुढल्या आठवड्यात स्कॅन करून घ्यायचा. मग तिने कल्याणीकडे वळून विचारलं, बाळंतपण कुठे व्हावं असं तुला वाटतं? तुला, म्हणजे तुलाच. हे कल्याणीला आजवर कुणीच विचारलं नव्हतं, तिने स्वतःलाही नाही. "हिअर," ती म्हणाली. मग नितीशकडे पाहून मराठीत म्हणाली, "तिकीट नको काढूस. दादाकडे जागा नाहीये. तो म्हणाला नाही, पण मला कळलंय केव्हाच." "मग एवढे दिवस बोलली का नाहीस?" "माहेर नाही असं म्हणायला लागलं असतं ना." नितीश उठला आणि खोलीत पसरलेले फिजोआ एकेक करून वेचायला लागला. एक कोचाखाली गेला होता, तोही त्याने आडवं पडून काढला. पाचही पुसून त्याने तिच्या ओंजळीत दिले, एक नायरीने उचलून तिथेच खाल्ला, आणि रात्री दादाला फोन केला तेव्हा तो "आई रागावली असती गं माझ्यावर" म्हणून रडला. वहिनीने फोन घेतला आणि डिंकाचे लाडू पार्सलने येतात का तिकडे, असं विचारलं.

पुढल्या मंगळवारी कॉलेजला जाताना कल्याणी बसमध्ये त्या आजीला शोधत होती. फूल लावलेल्या दोघीतिघी होत्या, पण ती नव्हती. बस भरलेली होती. ती दांडा धरून उभी राहिली. पोटात सकाळपासून धिंगाणा चालला होता. जवळच्या बाकावर नारिंगी जाकिटातला एक धिप्पाड माणूस कानात काहीतरी घालून, बॅग शेजारी ठेवून डुलत होता. बदकांच्या वळणापाशी बस हळू झाली आणि कल्याणीला अगदी राहवेना. ती वाकून त्याला म्हणाली, "आय ॲम प्रेग्नंट." त्याने कानातलं काढलं. "सॉरी?" "प्रेग्नंट. फाइव्ह मंथ्स," ती आणखी मोठ्याने म्हणाली, मागच्या बाकापर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं. "ओह! स्वीट ॲज," म्हणजे फारच छान, असं म्हणत तो गडबडीने बॅग उचलून उठून उभा राहिला. तिने जागा मागितलेलीच नव्हती. पण ती बसली, ऐसपैस बसली, आणि दोन्ही हात हुडीच्या खिशावर सगळ्यांना दिसतील असे ठेवले.